झिप फाइल उघडायला दुकानात कशाला? घरच्या कॉम्प्युटरवर गाठोडं कसं सोडायचं

नीटची तयारी करणाऱ्या मुलामुलींना शिक्षक पहिली गोष्ट सांगतात ती हीच, की एनसीईआरटीचं बायोलॉजी पक्कं करा. नीट मराठीत देता येतेच, २०१८ पासून उर्दूतही देता येते. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, त्यातली बरीचशी उर्दूतही. पण 'पूर्ण पुस्तक डाउनलोड करा' असं बटण दाबलं की पुस्तक येत नाही, एक झिप फाइल येते. चेनचं चित्र असलेलं पिवळं फोल्डर. मोबाइलवर दाबून पाहिलं, उघडत नाही. कॉम्प्युटरवर उघडल्यासारखं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी धडा सापडत नाही. मग मूल पेन ड्राइव्ह घेऊन दुकान गाठतं.

मोहने, आंबिवली, शहाड या आमच्या पट्ट्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं भरपूर आहेत आणि ती चालवणारी मुलं बहुतेक आपलीच, मेहनती. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मसला वेगळा आहे. दुकानाच्या कॉम्प्युटरवर जे उघडलं जातं त्याची प्रत तिथल्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये राहते. तुमच्या पुस्तकाची राहिली तर हरकत नाही. पण तुमच्या आधार, रेशनकार्ड, जातीच्या दाखल्याची आणि मुलीच्या फोटोची राहिली तर आहे. आणि हे सगळं अशा कामासाठी, जे घरच्या विंडोजमध्ये एकही पैसा न देता, दोन क्लिकमध्ये होतं. म्हणून हा लेख थोडा तपशिलात.

झिप म्हणजे गाठोडं

अनेक फायली एकत्र बांधायच्या आणि बांधताना दाबून लहान करायच्या, ही दोन कामं झिप करते. बांधणं समजायला सोपं आहे. दाबणं कसं होतं ते हजेरीपटावरून सांगतो. एकाखाली एक तोच मजकूर लिहायचा असेल तर आपण पहिल्या ओळीत पूर्ण लिहितो आणि खाली नुसती 'वरीलप्रमाणे'ची खूण करतो. कॉम्प्युटर तेच करतो. एखादा शब्द किंवा तुकडा आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहीत नाही, 'इतकी अक्षरं मागे जा, तिथून इतकी उचल' एवढंच लिहितो. ही युक्ती अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोन इस्रायली अभ्यासकांनी १९७७ मध्ये मांडली. वाचताना सगळं पुन्हा जसंच्या तसं उलगडतं, एक काना-मात्राही इकडचा तिकडे होत नाही.

मराठीचा मजकूर यात फार छान दाबला जातो, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, उर्दूच्या अक्षराला दोन आणि देवनागरीला तीन. शिवाय काना, वेलांटी वेगळी मोजली जाते. पण देवनागरीच्या या तीन बाइटपैकी पहिला दरवेळी तोच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. इतकी पुनरावृत्ती असल्यावर दाबायला किती जागा मिळत असेल!

फोटोचं आणि स्कॅन केलेल्या पीडीएफचं तसं नाही. जेपीजी फोटो आधीच दाबलेला असतो. पिळलेल्या कपड्यातून पुन्हा पाणी निघत नाही, तसंच. हे नीट समजून घ्या, कारण शिष्यवृत्तीच्या आणि प्रवेशाच्या फॉर्ममध्ये 'फाइल अमुक केबीपेक्षा लहान हवी' अशी अट आली की पुष्कळ जण ती झिप करून चढवायला जातात. एक तर आकार जेमतेम कमी होतो, आणि पोर्टलने पीडीएफ किंवा जेपीजी मागितलं असेल तर झिप घेतलीच जात नाही. तिथे उपाय वेगळा: स्कॅन करताना डीपीआय कमी ठेवा, १५० किंवा २००, आणि रंगीतऐवजी ग्रे निवडा.

झिप हा प्रकार १९८९ मध्ये अमेरिकेतल्या फिल कॅट्झ या प्रोग्रॅमरने आणला. त्याने फाइलची रचना सर्वांसाठी खुली केली, म्हणून ती जगभर पसरली. आजही झिप फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला 'पीके' ही दोन अक्षरं दिसतात, ती त्याच्याच नावाची. वर्डची डॉक्स फाइल, एक्सेलची नवी फाइल आणि मोबाइलचं एपीके अॅप यांच्याही पोटात झिपच असते. एपीकेचा विषय पुढे येईल, तो जरा गंभीर आहे.

उघडणं आणि सोडणं, दोन वेगळ्या गोष्टी

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. झिपवर दोनदा क्लिक केलं की आतल्या फायली दिसतात. माणसाला वाटतं, उघडली. प्रत्यक्षात गाठोडं अजून बांधलेलंच आहे, तुम्ही फक्त फटीतून आत डोकावताय. आतल्या वर्ड फाइलवर क्लिक केलं तर विंडोज तिची एक तात्पुरती प्रत कुठल्यातरी कोपऱ्यातल्या टेंप फोल्डरमध्ये काढून दाखवतं. त्या प्रतीत मुलाने तासभर बसून प्रकल्प लिहिला, सेव्ह केला, खिडकी बंद केली, की झिपमधली मूळ फाइल कोरी ती कोरीच. लिहिलेली प्रत टेंपमध्ये, आणि ते फोल्डर अधूनमधून साफ होत असतं. वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं रडवेल्या चेहऱ्याने सांगतात, "सर, सेव्ह केलं होतं, खरंच." खोटं नसतं बोलत ती.

म्हणून क्रम असा ठेवा. झिप फाइलवर राइट क्लिक करा. मेन्यूत 'एक्सट्रॅक्ट ऑल' दिसेल, ते निवडा. एक चौकट येईल आणि कुठे सोडायचं ते विचारेल. आपोआप आलेली जागा म्हणजे त्याच ठिकाणी, झिपच्याच नावाचं नवं फोल्डर. तीच ठेवली तरी चालतं. 'एक्सट्रॅक्ट' दाबा. आता शेजारी साधं फोल्डर तयार होईल, त्यावर चेन नसेल. यापुढे काम फक्त या फोल्डरमध्ये करायचं. सगळं नीट आलंय अशी खात्री झाली की मूळ झिप पुसून टाका, नाहीतर ड्राइव्हवर एकाच गोष्टीच्या दोन प्रती जागा खात बसतात.

ही सोय विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून प्रत्येक विंडोजमध्ये आहे. आमच्या भागात अजूनही सेकंडहँड घेतलेले विंडोज ७ चे कॉम्प्युटर चालू आहेत, त्यावरही असंच होतं. फक्त विंडोज ७ ला झिपमधली देवनागरी किंवा उर्दू फाइलनावं झेपत नाहीत. झिप बनवायला गेलं तर 'या नावात न चालणारी अक्षरं आहेत' अशा अर्थाचा संदेश येतो, आणि दुसरीकडून आलेल्या झिपमध्ये 'हजेरी' ऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, फक्त नाव बिघडलेलं असतं. सोडल्यावर नाव बदलून घ्या. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांना पाठवायचं असेल तर नावं इंग्रजी अक्षरांत ठेवणं बरं. मराठी-उर्दूच्या शिक्षकाने हे सांगावं याचं आम्हालाही वाईट वाटतं.

एनसीईआरटीच्या झिपमधून बाहेर आलेल्या फायलींची नावं पाहून मुलं गोंधळतात, त्यासाठी एवढं सांगतो. बारावी बायोलॉजीची फाइल 'एल-ई-बी-ओ' अशा अक्षरांनी सुरू होते. पहिलं अक्षर इयत्तेचं: 'जे' म्हणजे दहावी, 'के' अकरावी, 'एल' बारावी. दुसरं माध्यमाचं: 'ई' इंग्रजी, 'एच' हिंदी, 'यू' उर्दू. पुढची दोन विषयाची. मग पुस्तकाचा भाग, आणि शेवटचे दोन आकडे धड्याचे. शेवटी आकड्यांऐवजी 'पीएस' असेल तर ती सुरुवातीची पानं, अनुक्रमणिका वगैरे. एकदा उलगडलं की मूल स्वतःच नावं बदलून 'धडा १', 'धडा २' करून ठेवतं.

गुगल ड्राइव्हवरून फोल्डर उतरवलं तरी झिपच येते. फोल्डर मोठं असेल, स्नेहसंमेलनाचे फोटो आणि व्हिडिओ, तर ड्राइव्ह त्याच्या दोन-तीन झिप करतो आणि कुठला फोटो कुठल्या झिपमध्ये जाईल याचा नेम नाही. सगळ्या उतरवा, सगळ्या एकाच ठिकाणी सोडा.

'रार' आणि 'सेव्हन झेड' आली तर

झिपचीच भावंडं आहेत ही. रार १९९३ मध्ये युजीन रोशाल या रशियन प्रोग्रॅमरने तयार केली आणि नावातला पहिला 'आर' त्याच्या आडनावाचा. उर्दू फॉन्टचे आणि जुन्या इनपेजच्या फायलींचे संच बऱ्याचदा रारमध्ये फिरत असतात. विंडोज ११ मध्ये २०२३ च्या अपडेटपासून रार आणि सेव्हन झेड दोन्ही आपोआप उघडतात. विंडोज १० किंवा ७ वर मात्र वेगळा प्रोग्रॅम हवा.

आमची पसंती सेव्हन-झिपला. इगोर पाव्हलॉव्ह यांचा हा प्रोग्रॅम १९९९ पासून आहे, पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि इतका लहान की मोबाइलच्या नेटवर मिनिटभरात उतरतो. त्याचा पत्ता 'सेव्हन-झिप डॉट ओआरजी', सातचा आकडा, मध्ये आडवी रेघ. मिळत्याजुळत्या नावाच्या इतर साइटवरून घेऊ नका. विनरार अनेक घरांत आहे, पण तो विकत घ्यायचा प्रोग्रॅम आहे. चाळीस दिवसांची चाचणी संपली तरी चालत राहतो, फक्त आठवण करून देतो. मोफत आणि जायज पर्याय हाताशी असताना तो कशाला, असं आमचं मत.

विनरार ठेवायचाच असेल तर एक गोष्ट तातडीने करा. २०२५ मध्ये त्यात एक मोठं भगदाड सापडलं. खास बनवलेली रार फाइल सोडली की तुमच्या नकळत एखादा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या सुरुवातीलाच चालू होणाऱ्या फोल्डरमध्ये जाऊन बसायचा. जुलै २०२५ च्या ७.१३ आवृत्तीत ते बुजवलं. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, सेव्हन-झिपही होत नाही. म्हणजे पाच वर्षांपूर्वी कुणीतरी टाकून दिलेली आवृत्ती अजून तशीच असणार. 'हेल्प'मध्ये जाऊन 'अबाउट' बघा आणि जुनी असेल तर नवी घ्या.

सेव्हन-झिप टाकल्यावर फाइलवर राइट क्लिक करा. विंडोज ११ असेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. तिथे 'एक्सट्रॅक्ट हिअर' आणि 'एक्सट्रॅक्ट टू' असे दोन पर्याय दिसतील. दुसराच घ्या. पहिल्याने आतल्या शंभर फायली डाउनलोड्समध्ये विखरून पडतात आणि मग निवडत बसा.

फॉन्टचं अडतं ते इथेच. गुगल फॉन्ट्सवरून नोटो नस्तालीक उर्दू किंवा मराठीसाठी मुक्त घेतलं की झिप येते. ती आधी सोडायची, आत टीटीएफ नावाची फाइल शोधायची, तिच्यावर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबायचं. झिपच वर्डमध्ये ओढून काही होत नाही.

पासवर्ड मागितला तर

आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल झिपमध्येच येते. तिचा पासवर्ड म्हणजे डाउनलोड करताना तुम्हीच ठरवलेला चार अक्षरांचा शेअर कोड. आत एक्सएमएल फाइल असते, तिच्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. म्हणून तिच्यात काही बदलायला जाऊ नका, एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही.

ई-आधारची पीडीएफ झिप नसते, पण पासवर्ड तिलाही लागतो, आणि आपल्या घरांत नावांमुळे अडकायला होतं. नियम असा: आधारवर इंग्रजीत जसं नाव छापलंय त्याची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत, आणि जन्माचं वर्ष. नावातली मोकळी जागा मोजायची नाही, टिंब मात्र मोजायचं. म्हणजे नाव 'एमडी' आणि टिंब देऊन 'इरफान' असं असेल तर चार अक्षरं एम, डी, टिंब आणि आय. 'एमओएचडी' लिहिलं असेल तर तीच चार. घरातल्या दोन भावांच्या आधारवर 'मोहम्मद'ची स्पेलिंग दोन प्रकारची, हे आपल्याकडे नवीन नाही. तेव्हा कार्ड समोर ठेवूनच टाइप करा.

सोडताना अडथळा आला तर

'फाइल खराब आहे' असं आलं तर बहुतेक वेळा डाउनलोड अर्धवट झालेलं असतं. पावसाळ्यात लाइट जाते, राउटर बंद पडतो, फाइल मध्येच तुटते. वेबसाइटवर लिहिलेला आकार आणि तुमच्याकडच्या फाइलचा आकार ताडून पाहा. कमी असेल तर पुन्हा उतरवा, दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रॅमच्या नादी लागू नका. 'पाथ फार लांब आहे' असं आलं तर फोल्डरात फोल्डर, फोल्डरात फोल्डर झालेत. सी ड्राइव्हवर 'अ' नावाचं एक लहान फोल्डर करून तिथे सोडा.

गाठोड्यात साप निघाला तर

फसवणारे झिप वापरतात, कारण आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. पासवर्ड असलेली झिप पाठवून पासवर्ड त्याच मेसेजमध्ये लिहिला असेल तर जास्तच सावध व्हा. कुलूप लावलं की मेल तपासणाऱ्या यंत्रणेला आत पाहता येत नाही, म्हणून तर ते लावलेलं असतं.

सोडण्याआधी दोनदा क्लिक करून आतली नावं पाहता येतात, इथे ते डोकावणं कामाचं आहे. पण विंडोज नावाचा शेवटचा भाग लपवतं. 'निकाल डॉट पीडीएफ' दिसतंय, प्रत्यक्षात ते 'निकाल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असतं, म्हणजे कागद नव्हे, प्रोग्रॅम. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो', त्यात 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' चालू करा. हे आजच करून ठेवा. शेवट ईएक्सई, एससीआर, जेएस, बीएटी किंवा एलएनके असेल आणि तुम्ही कागदपत्रांची वाट पाहत असाल तर हात लावू नका.

मोबाइलवर हाच साप एपीकेच्या रूपात येतो. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, अशा नावांनी व्हॉट्सअॅपवर एपीके येतं. निकाहची पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. ती बघायला अॅप टाकावं लागत नाही. ओळखीच्या नंबरवरून आली तरी आधी फोन करून विचारा, कारण त्यांचाच फोन ताब्यात गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी.

घरच्या कागदांचं गाठोडं

उल्हासच्या काठच्या वस्त्यांनी २६ जुलै २००५ पाहिला आहे. पेट्या भिजल्या, जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले लगदा झाले. मोहन्यातल्या एनआरसी कारखान्याचं काम २००९ मध्ये बंद पडलं, आणि कामगारांच्या घरांत अजून पगाराच्या पावत्या, पीएफचे कागद जपून ठेवलेले आहेत. कागदाची किंमत आपल्या समाजाला वेगळी सांगायला नको. त्यांचे स्कॅन करून एका गाठोड्यात बांधून ठेवा, आणि इथे कुलूप हवंच.

विंडोजच्या स्वतःच्या झिपला पासवर्ड लावता येत नाही. सेव्हन-झिपमध्ये लावता येतो. कागदांच्या फोल्डरवर राइट क्लिक, 'अॅड टू आर्काइव्ह', प्रकार 'सेव्हन झेड' ठेवा, पासवर्ड दोनदा टाका आणि खाली 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' यावर खूण करा. ही खूण नसेल तर कुलूप असूनही आतल्या फायलींची नावं कुणालाही वाचता येतात, आणि नावावरूनच कुणाचा दाखला आहे ते कळतं. झिप प्रकारात तर नावं लपवण्याची सोयच नाही. पासवर्ड लांब हवा, चार-पाच शब्दांचा. दख्खनीत घरात बोलतो ते एखादं मजेशीर वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहिलं तरी चालेल. मोबाइल नंबर आणि जन्मतारीख नको.

एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, दुसरी स्वतःच्या गुगल ड्राइव्हवर.  बांधल्यावर लगेच एकदा दुसऱ्या जागी सोडून पाहा, सगळे कागद उघडतात ना ते तपासा, मगच इत्मिनानाने बसा. आणि पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या. वहीत लिहिणार असाल तर ती वही आणि पेन ड्राइव्ह एकाच कपाटात ठेवू नका. सेव्हन झेडचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवून देणारं ऑफिस कुठेच नाही.